विश्रांतीचे तीस सेकंद

कोंचेसीबाईंनी अंगठी ट्रेमध्ये ठेवली, मग घड्याळ,
मग कोटाच्या खिशातून जाळं विणायची सुई.
प्लास्टिकची आहे, म्हणाल्या, ही आत नेऊ का?
नको, म्हटलं. हातात फक्त हा रबरी फुगा.
घाबरलात तर दाबा.

ओंदारोआच्या धक्क्यावर सत्तेचाळीस वर्षं
बोटींची फाटकी जाळी सांधणारी ही बाई.
डाव्या कपाळामागे लहान अक्रोडाएवढी गाठ,
आणि डॉक्टर इरुरेतांना हवा होता नकाशा:
कुठे सुरी चालेल, कुठे चालवली तर
बाई उठतील, पण बोलणार नाहीत.

सूचना सोप्या. चित्र दिसेल, नाव मनात घ्यायचं.
ओठ हलवायचे नाहीत. जीभही नाही.
तीस सेकंद नावं, तीस सेकंद विश्रांती.
विश्रांतीत पडद्यावर एक फुली. तिच्याकडे बघायचं,
कसलाच विचार करायचा नाही.
आधी स्पॅनिश, मग बास्क.

यंत्र ठोकत राहिलं, बंद गोदीत कुणी पत्रा ठोकावा तसं.
शब्द मनात उमटतो त्या क्षणी आम्हाला काही दिसत नाही.
पाच-सहा सेकंदांनी तिथे रक्त पोचतं, ताजं,
लग्न लागून गेल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं,
आणि त्या पाहुण्यावरून आम्ही ओळखतो
मांडव कुठे होता.

संध्याकाळी वजाबाकी केली. नावांतून विश्रांती वजा.
स्पॅनिश ठळक निघाली, शाळेत घोटून घेतलेली.
बास्क मात्र दोन-चार ठिपके, तेही विरलेले.
ज्या भाषेत या तांडेलांशी भांडतात, ती एवढीशी?

हललात का, मी विचारलं. नाही.
झोपलात? त्या ठोकाठोकीत?
मग जरा ओशाळल्या.
"फुली आली की मी बेगोन्याशी बोलत होते.
मागच्या थंडीत गेली ती. तीस वर्षं माझ्या शेजारी बसायची,
जाळ्याचं दुसरं टोक धरून.
चित्रांना काय, एकेक शब्द पुरतो.
तिला सगळं सांगावं लागतं."
आणि स्पॅनिशच्या वेळी?
"तेव्हा ती जवळ फिरकलीच नाही."

म्हणजे विश्रांतीतच बाजार भरला होता,
आणि मी तो स्वतःच्या हातांनी वजा केला होता.

गुरुवारी पुन्हा.
गप्प बसायला काय लागतं तुम्हाला?
"काम. गाठ अवघड असली की आम्ही दोघी गप्प."
मग ठरलं: फुली दिसली की मनातल्या मनात
अवघड गाठ मारायची, बोटं न हलवता.
पुस्तकात न बसणारं. इरुरेतांनी भुवई उचलली,
तरी सही केली.

या वेळी हात वजा झाले आणि बोलणं शिल्लक राहिलं.
कपाळामागून कानाच्या वर, तिथून मागे उतरत जाणारं,
एका जागी अगदी गाठीच्या काठाला लागून.

नकाशा दाखवला तेव्हा रंगीत ठिपक्यांकडे नाही,
त्यांच्या मधल्या काळ्या जागेकडे बघत होत्या.
चष्मा पुसला. दोन बोटं पडद्यावर टेकवली,
जाळ्याच्या आसाचं माप घेतात तशी,
आणि तेवढंच अंतर राखून, अलगद उचलून,
माझ्यासमोर धरली.

"डॉक्टरांचा हात केवढा आहे?"