शाखा डाकघर, दाभेमळ

शिक्का आला तेव्हाच त्यातली एक मात्रा गळली होती:
दाभमळ.
मडगावला लिहून कळवलं.
उत्तर आलं, तूर्त चालवून घ्यावे.
तर एकोणीस वर्षं आम्ही सगळे
नसलेल्या गावात राहिलो.
पत्रं मात्र पोचत होती.

त्याआधी इथे गुडघाभर दाभ,
वेळीपांची चार घरं,
कुमेरीची राख आणि गव्यांची पाणवाट.
मग कुणीतरी एक काळा दगड
पँटच्या खिशात घालून वास्कोला नेला.
खिसा फाटला म्हणतात, इतका जड.
पुढच्या चवथीला सायडिंगचे रूळ
दाभेतून सरळ आत आले.

रुळांमागून माणसं.
विजापुराकडचा हणमप्पा लमाणी
बायको, दोन शेळ्या
आणि कंदिलाची काच लुगड्यात गुंडाळून उतरला.
उस्तीन फेर्नांडिसने कुडचड्याहून फळ्या आणून
तावेर्न थाटलं. ग्लास चार, पिणारे चाळीस,
पहिल्या रात्री लोक रांगेत प्यायले.
पास्कू पोदेर अकरा किलोमीटर सायकल मारून यायचा,
पाव गार, पण भोंगा ताजा.
टेकाडावर एक खुरीस उभा राहिला,
समोर शेंदूर फासलेला मारुती,
मध्ये वजनकाटा.
सगळ्यांत जास्त माना
काट्यापुढे खाली जायच्या.

माझ्याकडे मनिऑर्डरी.
एका मार्चात एकशे बारा.
'खुशाल आहे' इतक्यांदा लिहिलं
की माझा ख अजून सुबक येतो.
हणमप्पाची सत्यव्वा खिडकीशी उकिडवी बसून सांगायची,
लिहा, पोरगी चालायला लागली.
पोरगी बाहेर पायरीवर, जिथे ठेवली तिथेच.
मी लिहायचो.
दर महिन्याला ती कूपनावर चालायची.

संपतं आहे हे संपताना कळत नाही.
आधी तावेर्नमधला बर्फ बंद झाला.
मग तंबूतल्या सिनेमावाल्याने वाट बदलली.
डोंगरात दगड होता,
पण तो कुणाला नको होता, एवढंच आम्हाला सांगितलं.
जाणारी पत्रं घटली, येणारी वाढली:
पैसे का नाहीत, आहात ना, उलट टपाली कळवा.
केंकरे बाई सात मुलांना चार इयत्ता शिकवत होत्या,
मग तिघांना,
मग खडू संपवायला म्हणून
फळ्यावर रोज तारीख.

सायडिंग उखडलं.
उस्तीनने स्लीपर विकत घेऊन चुलीत घातले,
नातालापर्यंत त्याच्या माशांना
डांबराचा वास होता.
हणमप्पा शेवटच्या ट्रकने गेला.
त्या दिवशी ती पोरगी, सात वर्षांची,
भिंतीला धरून, मग भिंत सोडून
ट्रकपर्यंत चालत गेली.
सत्यव्वाने माझ्याकडे बघितलं.
कूपन नव्हतं.

निरीक्षक आला, यादी घेऊन.
तराजू एक. वजनं पाच, पैकी एक गहाळ.
कंदील. पेटी, किल्लीसह.
शिक्का जमा करायच्या आधी
मी वहीच्या कोऱ्या पानावर तो मारला
आणि टाकाने ती मात्रा घातली.
निरीक्षक म्हणाला, हे कशाला?
मला सांगता आलं नाही.
त्याने पान मोजलं आणि वही बांधली.

परवा जावई स्कूटरवरून घेऊन गेला.
खुरीस आहे. मारुती आहे.
काटा होता तिथे काजूचं एक वाकडं झाड.
पायरी सापडली नाही.
वेळीपांची घरं चारच,
त्यांना कधी पत्र आलं नव्हतं, त्यांनी कधी टाकलं नव्हतं.
काशीबाय बोंडं वेचत होती.
मला ओळखलं नाही.
इथे पोस्ट होतं, म्हटलं.
तिने कंबर सरळ केली, आठवून बघितलं,
'हय, मदीं थोडीं मनशां आयिल्लीं खरीं.'
आणि पुन्हा वाकली.