मागची डावी पेटी

खानापुरात, स्टेशन रोडला, वरच्या माळ्यावर
भरमाणी तोंडात बॅटरी धरून
टीव्हीच्या पाठीमागं आडवा.
"कॉम्प्युटर सहा वाटा सोडतोय," बॅटरी न काढताच म्हणतो,
"ॲम्प दोनच घेऊलाय."

पेट्या पाचच आल्यात.
मागची डावी पिठाच्या डब्यावर,
मागची उजवी शिलाई मशीनवर.
मधली, जिच्यातून माणसं बोलतात,
ती अजून बेळगावच्या दुकानात, पुढच्या पगाराची.
म्हणून आमच्या पिक्चरमध्ये
घोडे, दारं, वीज सगळं दणदणतं
आणि माणसं नुसते ओठ हलवतात.

खुर्चीत महादेवी, माझी बायको, गोकाकची.
कान तिचे तिखट.
आई आत भाकऱ्या थापतेय,
ऐकत नाही असं दाखवत.

भरमाणीनं एक खूण काढली, दुसरी लावली.
बंद करून चालू. पुन्हा.
चाचणीची खरखर, सुपात तांदूळ घोळल्यागत:
पुढं डावीकडं.
मग मधलीची पाळी. कुणीच नाही.
आम्ही तरी थांबलो, पाहुण्यासाठी थांबावं तसं.
पुढं उजवीकडं.
मागं उजवीकडं काहीच नाही.
आणि मग तिच्या मानेमागून, पिठाच्या डब्यावरून...

"बंतु!" ती ओरडली
आणि चटकन तोंडावर हात.
चार वर्षं या घरात तिची भाषा
फक्त फोनवर, गच्चीत, हळू.

आई दारात. हात पिठाचे.
"काय आलं?"

बंतु म्हणजे आलं,
हे तिला आमच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं.

"थांबा गा," टीव्हीमागून भरमाणी,
"उजवी अजून मुकीच हाय."