लीटरमागे

कंपनीच्या पुस्तकात सोळा पूर्णांक दोन.
आमच्या परिपत्रकात साडेतेरा, तेही बारा वर्षांपूर्वीचं.
दशरू इनवातेच्या लॉगबुकात
दर महिन्याला नऊ, साडेनऊ, एकदा तर आठ.

मी लेखा शाखा, टेबल चार.
लाल पेनानं नऊभोवती गोल काढते.
त्या गोलाचा अर्थ सिव्हिल लाइन्सच्या चहावाल्यालाही ठाऊक आहे:
ड्रायव्हर डिझेल विकतो.

मे महिन्यात साहेब म्हणाले,
मॅडम, एकदा तुम्हीच जाऊन बघा.

सकाळी सहाला काटोल नाक्याच्या पंपावर
नोझल खटकन थांबेपर्यंत टाकी भरली.
इनवातेनं गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवली,
फेस बसला, आणखी पाऊण लीटर मावलं.
"आता काटा लिवा जी मॅडम."
मी लिहिला: एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे सहा.

कळमेश्वरपर्यंत रस्ता तेलासारखा,
मी मनात बारा धरले.
काटोलपर्यंत अकरा.
मग डांबर संपलं.

निरीक्षण विहिरी कधीच डांबराच्या कडेला नसतात
हे मला टेबल चारवरून दिसलं नव्हतं.
खोडांना चुना फासलेली संत्र्याची झाडं,
मधून चाकोरी, चाकोरीत काळ्या मातीची वाळलेली ढेकळं,
गाडी दुसऱ्या गियरमध्ये कण्हत चाललेली,
मागे फीत, बादली, पाण्याचे दोन कॅन, घुग्रे शिपाई
आणि घुग्र्यांचा डबा.
नाल्याच्या रेतीत चाकं रुतली तेव्हा
इनवातेनं धाकटा दांडा ओढला.
"आता चारी चाकं ओढतेत मॅडम,
म्हणजे चौघांच्या तोंडी घास द्या लागते.
पुस्तकातली गाडी एकटी जेवते."

विहीर क्रमांक सात.
घुग्र्यांनी फीत सोडली, सोडतच राहिले.
एकोणीस मीटर चाळीस.
मागच्या मेमध्ये सतरा.
तिथे कोणी कोणाभोवती लाल गोल काढला नाही.

दुपारी नरखेडच्या अलीकडे, पळसाखाली,
सेहेचाळीस डिग्रीत आम्ही भाकर खाल्ली.
पन्नास मिनिटं.
आणि पन्नास मिनिटं इंजिन चालूच,
घुरघुर, घुरघुर, काटा जागचा हलत नाही
आणि टाकी उतरत जाते.

सापडलं, वाटलं मला. चोर सापडला.
"बंद करा ना गाडी."
"करतो जी. मंग ढकलाले कोन?"
त्यानं घुग्र्यांकडे पाहिलं,
घुग्र्यांनी आपल्या गुडघ्यांकडे.
"सेल्फ गेला हाय, दिवाळीपासून.
मागणी देली हाय ना मॅडम,
आपल्याकडेच."

परतीच्या वाटेवर फेटरीजवळ
मी खिडकीतून बाहेर बघत बसले.
तिथे बघण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी तोच पंप, तेच नोझल,
पुन्हा गदागदा, पुन्हा फेस.
काटा अठ्ठ्याऐंशी हजार सहाशे वीस,
बावीस पूर्णांक सहा लीटर.
भागाकार त्यानं बोनेटवर बोटानं केला, धुळीत,
माझ्या कॅल्क्युलेटरच्या आधी:
नऊ पूर्णांक सत्तेचाळीस.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं.
तिसरा कप्पा, पेपरवेटखाली, नोव्हेंबरचा अर्ज.
स्टार्टर मोटर, चार हजार आठशे.
समासात माझंच अक्षर, वळणदार:
"तीन दरपत्रके जोडावीत. तूर्त खर्च टाळावा."

चार हजार आठशे टाळण्यासाठी
सात महिन्यांत किती लीटर उभ्या-उभ्या जळलं
याचा हिशेब मी करायला घेतला,
आणि अर्ध्यावर थांबले,
कारण शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद असतो.

लाल पेन खाली ठेवलं. निळं घेतलं.
बाहेर, खिडकीच्या खाली,
दहा वाजून पाच मिनिटांपासून
इनवातेची गाडी उभी आहे,
साहेब येईपर्यंत.
ऐकू येतंय.