धुऱ्यापलीकडचे दाणे

पारशिवनीच्या पुढे, कालव्याला लागून
दोन वावरं, मधे एक धुरा.
अलीकडे नवं वाण, पलीकडे जुनं.
माझ्या टॅबमध्ये अलीकडचं 'प्रयोग',
पलीकडचं 'नियंत्रण'.

नियंत्रणाचं नाव पंचफुला उईके.
तिला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

प्रश्न एकोणीस : निंदणाचे तास किती वाचले?
गुणवंत ठवकर बोटांवर मोजतात,
"मांगच्या साली अकरा बाया, चार दिवस.
औंदा एक पोरगा, एक फवारा, अर्धा दिवस.
वाचले म्हणून लिवा, मॅडम."
लिहिलं. वाचलेच होते ते;
माणूस भर दुपारी खाटेवर बसून
मुलीच्या पॉलिटेक्निकबद्दल बोलत होता.

अकरा बायांसाठी रकाना नव्हता.
त्यांतली एक पंचफुला.

"तण म्हणता तुम्ही," ती म्हणाली,
"थो तरोटा होता जी. थो कुंजरा. थे घोळ.
रोज सांजेले ओटीत भरून नेत होती मी.
आता मेथी इकत आणतो,
दहाची जुडी, त्यात चार काड्या."
ते दहा रुपये कुठे टाकू?
'इतर'मध्ये टाकले.

प्रश्न चोवीस : समाधान, एक ते पाच.
"सकाळी दोन," ती म्हणाली, "जेवल्यावर चार.
तुले कोणतं पायजे?"

मग तिने एक कणीस सोललं.
तिचा मका पांढरा, दुधाच्या दातांसारखा,
आणि त्यात मधेच पिवळे दाणे,
न बोलावता पंगतीत येऊन बसलेले.
मी मोजले. पाचशे बारांत एकोणीस.
धुऱ्याजवळच्या कणसात छप्पन्न.
पावलं टाकत आत गेले, तसे दाणे घटत गेले;
साठ पावलांवर, बोरीच्या मागे, एकही नाही.
वारा कोणत्या बाजूने येतो, विचारलं.
"वारा का इचारून येते का जी?"

अमरावती रोडच्या ऑफिसात सर म्हणाले,
नियंत्रण बिघडलंय. गाळून टाका.
मी गाळलं.
स्क्रीनवर एक ओळ निळी झाली आणि गेली.
सरांचंही चूक नव्हतं. हे गणितच असं,
ज्याला काही झालं नाही असा एक तरी लागतो
ज्याला झालं त्याला मोजायला.
साठ पावलांच्या आत
तसं कुणी मला भेटलं नाही.

रविवारी फुटाळ्यावर भुट्टेवाल्याने
निखारे फुलवले, लिंबू-तिखट चोळलं.
वाण कुठलं, मी विचारलं.
"गोड," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.
तळ्यावरून वारा आला, ठिणग्या कलंडल्या.

पर्समध्ये एसटीच्या तिकिटात गुंडाळलेले
एकोणीस दाणे आहेत अजून.
पेरायचे नाहीत. फेकवतही नाहीत.
कधीमधी सुटे पैसे शोधताना
पुन्हा मोजून घेते.