चिमूटभर

कॅनडा कॉर्नरच्या त्या जिन्यात चपलांचा ढीग,
भिंतीवर पाटी: मोबाइल बंद ठेवा.
आत गेल्यावर डॉक्टर बोरस्तेंनी
आईकडे बघून विचारलं,
हिला झोप लागते का?
हिला भूक?
हिला अजून रडू येतं?
केसपेपरवर शर्वाणी काकुळते, वय पंधरा,
पण खुर्चीत बसली होती ती 'हिला'.

आई म्हणाली, खूप फरक आहे. गप्प असते.

गप्प होते ते खरं.
विज्ञानाच्या तासाला बाकावर गाल टेकला की
घंटा कुठल्यातरी विहिरीतून यायची.
सिटीलिंकच्या बसमध्ये झोपले,
निमाणीला उतरायचं होतं, जाग आली तपोवनात.
कंडक्टर म्हणाला, ताई, गाडी डेपोत चालली.
हात असे थरथरायचे
की भूमितीतलं वर्तुळ बटाट्यासारखं.
घरात मात्र पेढे वाटायचेच बाकी होते:
लागू पडलं हो, लागू पडलं.

काय लागू पडलं, याची यादी कुणी केली नव्हती.
सकाळी डॉक्टरांची अर्धी गोळी, पांढरी.
तिला नाव होतं, बॅच नंबर होता, मुदत होती.
रात्री कुमुदआत्याची पुडी,
त्र्यंबकच्या वाटेवर ताडपत्रीवर मुळ्या मांडून बसतो, त्याच्याकडची,
जुन्या कॅलेंडरच्या पानात बांधलेली.
वर एक एकादशी आणि अर्धा शुक्रवार,
बाकी काही लिहिलेलं नाही.
चिमूटभर, मधातून.
झाडपाला आहे गं,
झाडपाल्याला कुठं साइड इफेक्ट असतो?

आमच्या फाटकाशी कण्हेर आहे.
तीही झाडपालाच.
मेरीच्या बाजूने येणाऱ्या शेळ्या
कुंपणावरचं सगळं ओरबाडतात,
तिच्यापाशी आल्या की मान वळवून पुढे.
शेळ्यांना कुणी सांगितलं असेल?
मला तर कुणी विचारलंही नव्हतं.

मग डॉक्टर म्हणाल्या, आई, तुम्ही दोन मिनिटं बाहेर बसा.
दार लागलं.
पंख्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.
आणखी काही घेतेस?
घेतेस.
त्या 'स'मध्ये मी होते.

सांगितलं. आत्याला बोल बसेल म्हणून भीत भीत.
त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
पुडी घेऊन ये म्हणाल्या, आणि गोळी मनाने बंद करू नकोस.

दुसऱ्या दिवशी कागद उलगडून वास घेतला.
म्हणाल्या, यात काय आहे, मला सांगता येत नाही.
जटामांसी असेल, सर्पगंधा असेल,
कुणी झोपेची गोळीही कुटून घातली असेल.
काही चांगलंही असेल.
पण नुसत्या 'असेल'वर मी तुला सोडणार नाही.

बाबा बाजूला उभे, कंपनीच्या शर्टात.
अंबडला ते नग तपासतात, बारा वर्षं.
केसाच्या विसाव्या भागाइतका फरक निघाला
तरी लाल खूण करून पेटीत टाकतात.
त्यांनी त्या भुकटीकडे पाहिलं,
खिशातल्या पेनाशी चाळा करत राहिले.
चिमूट कुणाची? एवढंच म्हणाले.
माझी, ताईची, की हिची...
थांबले.
शर्वाणीची?

आता फ्रिजच्या दाराला तपासणीचा तक्ता आहे,
कंपनीतूनच आणलेला, 'नग क्रमांक' खोडलेला.
तारीख. काय घेतलं. किती. कसं वाटलं.
शेवटचा रकाना माझा,
मोठ्याने वाचायचा नाही ही अट.
कधी लिहिते: बरं.
कधी: वाईट, पण जागी.
गुरुवारी अक्षर रकान्याबाहेर गेलं.

आत्या आठवडाभर बोलली नाही.
मग रविवारी ब्राह्मीच्या तेलाची बाटली घेऊन दारात:
डॉक्टरला विचारून आलेय बाई, हे फक्त वरून.
मी तिच्यापुढे पाटावर बसले.
'किती'च्या रकान्यात काय लिहायचं,
ते बाबांनाही सांगता येईना.
थोडं कानात गेलं.
तेही लिहिलं.