पस्तीस बाय पंचेचाळीस

दांडिया बाजारात, जिन्याखालच्या बोळकांडीत
माझ्याकडे एक स्टूल, एक पांढरी चादर,
दोरीला बांधलेला कंगवा, कारण सुटा कंगवा टिकत नाही,
आणि खुंटीवर एक काळा कोट,
पाठीकडून उसवलेला, म्हणजे कुणालाही होतो.
समोरून बघणाऱ्याला तेवढा पुरतो.

अमेरिकेला माणूस चौकोनी लागतो.
इंग्लंडला उभा.
चश्मा काढा, कान दिसू द्या,
टिकली चालते, सावली चालत नाही.
आणि हसू नका.
हे शेवटचं मी सत्तावीस वर्षं सांगतोय,
मराठीत, गुजरातीत,
लहान मुलांना नुसत्या भुवयांनी.

हसू नका म्हटलं की माणसं हमखास हसतात.
तांदळजाचा इरफान व्होरा, नर्सिंग पास झालेला,
सारखा फुटायचा.
शेवटी म्हटलं, एजंटच्या फीचा आकडा आठव.
लगेच आला चेहरा, सरकारी, नेमका.

फतेगंजच्या ग्रेसी मॅकवाननं पाच महिन्यांची मुलगी
मांडीवर धरली आणि चादर स्वतःवर ओढून घेतली.
आई झाली नुसती पार्श्वभूमी.
फोटोत बाळ एकटंच, सज्ञान असल्यासारखं बसलेलं.
नीट बघाल तर चादरीला गुडघे आहेत.

कॅनडाचं एक बरं आहे.
फोटोमागे त्यांना फोटोग्राफरचं नाव लागतं, पत्ता, तारीख.
म्हणून मी, श्रीरंग खानविलकर,
अबूच्या पलीकडे काही न पाहिलेला,
तिकडच्या कुठल्या कुठल्या कपाटांत
लोकांच्या चेहऱ्यांमागे पालथा पडून आहे.
मला पासपोर्ट नाही.
काढावासा वाटला तरी फोटो कोण काढणार?

गेल्या मार्गशीर्षात विजयाबाई टिपरे आल्या,
निजामपुऱ्याहून, रिक्षानं.
लेकीचं बाळंतपण, दार-ए-सलामला.
अंगावरून वारं गेलेलं. हात सुधारला होता,
तोंडाचा एक कोपरा मात्र वरच राहिलेला,
जसं कुणी नुकतंच कानात काही सांगितलंय.

मी सवयीनं म्हणालो, हसू नका.
"मी हसत नाहीये हो," त्या म्हणाल्या.

व्हिसाच्या अर्जानं फोटो तीनदा परत पाठवला.
चेहरा तटस्थ हवा.
मी दिवा हलवला, स्टूल हलवलं,
विचारून, हनुवटीखाली बोट धरून पाहिलं.
त्यांनी स्वतःहून दुःखं आठवून पाहिली,
आधी नवरा, मग विहिरीत गेलेला भाऊ.
डोळे भरले.
कोपरा तसाच.

कॉम्प्युटरवर मी तो दोन मिनिटांत खाली आणला असता.
आणलाही, रात्री, शटर ओढून.
नियमात बसणारी एक बाई पडद्यावर आली.
तिला पर्समध्ये घालून विजयाबाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या असत्या,
तर त्या साहेबानं दोघींतल्या कुणाला आत सोडलं असतं?
मी ती पुसली.

शेवटी डॉक्टरांचं पत्र जोडलं,
इंग्रजीत, खाली गोल शिक्का,
की हे हसू नसून आजार आहे.
चौथ्यांदा अर्ज गेला.

प्रिंट मी आठ काढतो. त्यांनी दोन नेले,
उरलेले नंतर नेते म्हणाल्या.
फाल्गुन संपला. रिक्षावाला म्हणतो, टिपऱ्यांच्या दाराला कुलूप आहे.
म्हणजे पोचल्या असाव्यात.

सहा विजयाबाई पाकिटात, गल्ल्याच्या खणात.
दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाहेर काढतो,
खिडकीच्या उजेडात धरतो,
जवळून, मग हात लांब करून.
डॉक्टरांचं ते पत्र
मला अजून पटलेलं नाही.