कानाडोळा

झाग्रेबहून मी फॉर्म घेऊन आले होते,
बावीस रकाने, तीन प्रती, मध्ये कार्बन.
इम्ब्रो कुंपणाला टेकलेला, बूट नडगीपर्यंत चिखलात.
म्हणाला, बसा.
बसायला काही नव्हतं.

जात: तुरोपोल्ये.
रंग: पांढरा, असं मी लिहायला घेतलं
तर तो खोकल्यासारखा हसला.
सावेच्या काठी पांढरं काही टिकत नाही, बाई.
पिवळट लिहा, दहा हिवाळे वापरलेल्या लोकरी मोज्यासारखा.
वर काळे ठिपके. या शारावाला सात आहेत,
तिच्या आईला पाच होते,
आणि एका पिल्लाला एकच, शेपटीपाशी,
जणू देव सही करायला विसरला होता
आणि धावत मागे आला.

केस: कुरळे.
पाय: मी म्हटलं आखूड, तो म्हणाला पुरेसे.
कान: पडलेले, थेट डोळ्यांवर.
मग हिला दिसतं कसं?
बघायचंय काय तिला, तो म्हणाला.
पूर आला की कळतो,
ओकची बोंडं पडली की कळतात,
माझी बहीण याल्झा मिठाचं पिंप घासायला लागली
की तेही कळतं.
त्यावर ती कानाडोळा करते.

मग शारावा उठली आणि सरळ पाण्यात गेली.
मागच्या पुराचं पाणी अजून झाडांत उभं होतं.
ती पोहली, आणि मग
(हे मी फॉर्मच्या समासात लिहिलं, रकाना नव्हता)
तिनं डोकं बुडवलं.
मी मनात आकडे मोजत होते.
वर आली तेव्हा तोंडात शिंपला,
दाढेखाली कडाड्, टरफल थुंकलं,
पुन्हा खाली.
नाकानं कांदे सोलणारे मी ऑफिसात रोज बघते.
नाकानं नदीचा तळ उलटणारी
ही पहिलीच.

उगम? मी विचारलं.
सावेचा? तो तिकडं वर, स्लोव्हेनियात.
नाही हो, हिचा.
तो जरा वेळ गप्प राहिला.
पुस्तकात शिश्का म्हणून जुनं लांबतोंडं डुक्कर दाखवतात,
म्हणतात तिकडचं रक्त, मग इंग्रजांचं थोडं.
असेल. आजा म्हणायचा
पूर ओसरला तेव्हा ही चिखलात उरली
आणि तिला राखायला आम्ही.

लढाईच्या वर्षांत
जंगलात सुरुंग पेरलेले होते आणि ओकांना बोंडं लगडलेली.
डुकरं बोंडांकडं निघायची.
धडाका ऐकला की याल्झा कोणाची ते सांगायची,
दिशेवरून.
उरलेली कुणी कुणी खाल्ली,
आम्हीही खाल्ली, ते लिहा.
गावात त्या वसंतात तीन होत्या, आणि नर नाही.
नर मी सायकलीला जोडलेल्या गाड्यावरून आणला,
दीड दिवस, वाटेत तो दोनदा उतरून पोहला.

अजून मारता? मी विचारलं. विचारायला नको होतं.
मारतो.
जे कुणाच्या ताटात नसतं
ते कुणाच्या आवारातही नसतं.
याल्झा आतून चरबीची वाटी आणि पाव घेऊन आली,
वर कांद्याच्या चकत्या.
मी खाल्लं. अक्रोडासारखं लागलं.

शेवटचं काम बिल्ला.
इम्ब्रोनं शारावाचं डोकं गुडघ्यांत धरलं,
पक्कड माझ्या हातात.
कान जड होता, ओल्या पोत्यासारखा, आणि कोमट.
मी तो उचलला
तेव्हा खाली डोळा होता.
तपकिरी, लहान, पापण्यांना पांढरे केस,
सकाळपासून माझ्याकडंच बघत असावा.

टोचलं. ती ओरडली नाही.
आकडा वाचून झाला तरी मी कान धरूनच होते.
झालं ना? इम्ब्रो म्हणाला. सोडा आता,
तिला उजेडाचा त्रास होतो.